रेषेच्या वरचं गाव

तालुक्याच्या दूध संघाने आमच्या गावच्या सचिवबाईंना खोट्यात गोवलं. बाईंनी दुधात भेसळ केली असं संघानं लेखी दिलं, त्यांना दूध संकलन केंद्रावरून काढलं, आणि पुरावा म्हणून कॉम्प्युटरवर काढलेली एक तिरकी रेषा दाखवली. दुधात काहीही सापडलं नव्हतं. त्या वेळी गावच्या दूध संस्थेचा चेअरमन मी होतो. सगळं माझ्यासमोर झालं आणि अजूनही ते माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

मी जन्माचा चेअरमन नाही. वडवणीच्या, पाटोद्याच्या बाजारात शेळ्या हाकत फिरणारा माणूस मी. पुढं म्हशींच्या व्यवहारात पडलो. शाळा जेमतेम झाली. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून सौदा करायचा, तीच माझी शाळा. त्या शाळेत एक गोष्ट पक्की शिकलो: समोरचा पहिल्यांदा बोलतो तो आकडा नसतो, ती त्याची इच्छा असते. आपण जरा थांबलो, जरा उठून चाललो, की इच्छा खाली येते. माझा राग मोठा आहे हे सगळा तालुका जाणतो, पण बाजारात मी रागावायचो ते बहुतेक ठरवून. या प्रकरणात ठरवायला सवडच मिळाली नाही.

सचिवबाई म्हणजे आमच्या भावकीतल्या वहिनी. नवरा लवकर गेला. संस्थेत दुधातलं फॅट मोजायचं मशीन आलं तेव्हा ते चालवायला एकही पुरुष तयार होईना, कारण फॅट कमी लागलं की भांडण मशीनशी होत नाही, चालवणाऱ्याशी होतं. वहिनी तयार झाल्या. किटलीचं झाकण उघडून आधी वास घ्यायचा, मग दूध मापात ओतायचं, ही त्यांची पद्धत. एकदा त्यांनी माझ्याच घरची किटली परत पाठवली. मी तणतणत केंद्रावर गेलो.

"वहिनी, चेअरमनचं दूध परत?"

"दूध चेअरमनचं न्हाई भावजी, म्हशीचं हाय. आन किटली तुमच्या सुनंनं धुतली न्हाई. घ्या, वास घ्या."

मी वास घेतला. रांगेतला एक जण म्हणाला, "अण्णा, आता म्हशीलाच चेअरमन करा." सगळे हसले. मी किटली उचलून घरी आलो आणि सुनेवर ओरडलो, म्हणजे जिथं ओरडायला हवं होतं तिथंच ओरडलो.

आता दुष्काळाचं. आमच्या जिल्ह्यात तो नवा नाही आणि त्याच्याशी वागायच्या रीतीही जुन्या आहेत. त्यातली एक अशी. ज्या गावचं पाणी आटतं तिथले लोक दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला निघतात. बैल बरोबर जातात, कारण गाडीला लागतात. दुभती म्हैस नेता येत नाही. ती मग जिथं पाणी आहे त्या गावातल्या पाव्हण्याच्या दावणीला बांधायची, बहिणीकडं, मामाकडं, सासुरवाडीला. दूध सांभाळणाऱ्याचं, वासरू मालकाचं. याला कागद नाही, साक्षीदार नाही. मालकीण म्हशीच्या कपाळाला कुंकू लावते, तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि मागं न बघता गाडीत बसते.

आमच्या गावच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. तो कोरडा पडला तरी त्याच्याखालच्या विहिरींना थोडं पाणी टिकतं, त्यावर मका, कडवळ असला चारा तगतो. त्यामुळे दुष्काळ पडला की आमच्याकडं पाव्हण्या म्हशी येतात. त्या वर्षी इतक्या आल्या की गोठे पुरेनात. काहींना ओसरीच्या खांबाला बांधलं. सगळीकडच्या गावांचं दूध घटलं, आमचं वाढलं.

दुष्काळात भेसळीची ओरड होतेच, आणि ती खोटीही नसते. संघाच्या टँकरमध्ये एकदा पावडरीचं दूध सापडलं. कोणत्या गावचं, ते कळेना. संघात तेव्हा एक तरुण अधिकारी नवीन आले होते. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, खांद्याला लॅपटॉप. त्यांनी सगळ्या गावांच्या चेअरमन लोकांना बोलावलं आणि भिंतीवर एक चित्र पाडलं. आडव्या बाजूला महसूल मंडळात पडलेला पाऊस. उभ्या बाजूला, चांगल्या सालाच्या मानानं गावाचं दूध किती राहिलं ते. एक गाव म्हणजे एक ठिपका. ठिपक्यांच्या गर्दीतून खालून वर गेलेली एक रेषा. ते म्हणाले, पाऊस कमी तसं दूध कमी, हे या रेषेवरून सिद्ध होतं. रेषेच्या आसपासची गावं ठीक. एक गाव मात्र रेषेच्या फार वर आहे.

तो ठिपका तांबडा होता. खाली आमच्या गावाचं नाव होतं. खुर्च्या करकरल्या आणि सगळे माझ्याकडं वळले.

"एवढ्याशा पावसात एवढं दूध शक्य नाही," अधिकारी म्हणाले.

"शक्य न्हाई मंजे? रोज तुमच्याच डेअरीत तपासून घेता की. एकदा तरी फेल गेलं का आमचं दूध?"

"नाही गेलं. तेच तर. तपासणीत पास होईल अशीच भेसळ आजकाल करतात."

दूध नापास झालं असतं तर भेसळ. पास झालं तर हुशारीची भेसळ. मी पाव्हण्या म्हशींचं सांगितलं. ते म्हणाले, पशुधनाच्या नोंदीत तुमच्या गावात जनावरं वाढलेली दिसत नाहीत. दिसणार कशी? म्हशीच्या कानात बिल्ला असतो आणि तो मालकाच्या गावाच्या नावे असतो. म्हैस आमच्या मक्यावर जगत होती, पण सरकारदरबारी ती अजून आपल्या कोरड्या गावातच उभी होती. एक चेअरमन मागून हळूच म्हणाला, "कावून डोकं लावतो बे? साहेब कॉम्प्युटरवालं हायेत." त्याच्या गावच्या निम्म्या म्हशी आमच्याकडं बांधलेल्या होत्या. तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. दूध कुठं चाललंय हे संघाला कळू नये, असं त्याला वाटलं असेल.

सभा सुटल्यावर मी अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेलो. चहा आला. मला वाटलं, आता बाजार सुरू होईल.

"साहेब, ही रेषा जराशी वर घेतली तर?"

"म्हणजे?"

"मंजे आमचं गाव लई लांब दिसतंय, ते जरा जवळ येईल. दुसऱ्या कुनाला काय त्रास न्हाई. कुठवर येता, बोला."

ते हसले. "अण्णा, रेषा मी काढलेली नाही, कॉम्प्युटरने काढली आहे. इथे भाव होत नाही."

"भाव कुठं होत न्हाई साहेब? देवळाच्या पायरीवर बी होतो."

"इथे नाही होत."

मी उठलो, दारापर्यंत गेलो. बाजारात अशा वेळी मागून हाक येते. आली नाही. मग मी परत फिरलो आणि त्यांच्या लॅपटॉपवरच्या त्या तांबड्या ठिपक्यावर अंगठा दाबला, इतका, की काचेखाली रंगांचा मोर उमटला.

"हे गाव हाय," मी म्हणालो. "ठिपका न्हाई."

"अण्णा, स्क्रीन," ते म्हणाले.

थोड्याच दिवसांत पत्र आलं. 'सांख्यिकी विश्लेषणावरून सचिवांनी भेसळ केल्याचे निष्पन्न होत असल्याने' त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. केंद्रावर संघाचा माणूस बसला. गावातल्या लोकांनी पहिल्या दिवशी संघाला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दूध घालायला रांगेत उभे राहिले, कारण दूध थांबत नाही. आणि हळूहळू कुजबुज सुरू झाली. जाळावाचून धूर असतो का? बाई शहाणी आहे, मशीन तिच्याच हातात होतं.

आमच्याकडं ज्याच्या घरी म्हैस त्याच्या घरचं ताक शेजारीपाजारी नेतात. त्याला कोणी काही देत नाही, मागायला लाजतही नाही. वहिनींच्या दारात सकाळी तांब्या घेऊन बाया उभ्या असायच्या. त्या यायच्या थांबल्या. कोणी तोंडावर काही बोललं नाही. एकीनं सांगितलं, पोराला खोकला आहे. दुसरीच्या घरी कुणाला ताक चालेना. वहिनी ताक म्हशीच्या आंबोणात ओतायला लागल्या. मी एकदा सकाळी गेलो तर त्या तेच करत होत्या.

"भांडलो मी वहिनी," मी म्हणालो. "लई भांडलो."

"भावजी, ती रेषा काढत्यात कशी, ठाव हाय का तुमाला?"

"न्हाई."

"मग भांडलात कशावर?"

त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि आत गेल्या. मला त्या दिवसापासून एकच गोष्ट हवी होती: ते पत्र चूक होतं असं संघाचं दुसरं पत्र. त्यासाठी आधी रेषा शिकावी लागणार होती.

पाटोद्याला एका मोटार-वाइंडिंगच्या दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास होता. खाली वडील आणि भाऊ जळालेल्या पाण्याच्या मोटारी नव्या तारेनं भरायचे, वर धाकटा क्लास चालवायचा. त्याला सगळे भाई म्हणत. माझ्यापेक्षा वयानं पुष्कळ लहान, पण मीही भाईच म्हणायला लागलो. फीवरून घासाघीस झाली, ती व्हायचीच. मग त्यानं विचारलं, "अण्णा, या वयात कावून?"

"एक रेषा मोडायची हाय."

"मोडायची असंल तर आधी काढायला शिका."

पहिल्यांदा माउस धरला तेव्हा बाण पडद्यावर व्यालेल्या म्हशीसारखा बिथरून पळायचा. भाईनं मला पाऊस आणि दूध यांना हातच लावू दिला नाही. म्हणाला, तुमच्या धंद्यातलं काढू. मला आठवतील तशा शेळ्या सांगायला लावल्या, एका रकान्यात वजन, दुसऱ्यात विकलेला भाव. मग सगळं निवडून ठिपक्यांचा चार्ट काढला, एका ठिपक्यावर उजवं बटण दाबलं, ट्रेंडलाइन म्हणून एक ओळ होती ती निवडली, आणि ठिपक्यांमधून रेषा गेली. बाजूला सूत्र आलं: शेळी एक किलोनं वाढली तर भाव कितीनं वाढतो. मी त्या आकड्याकडं बघत राहिलो. बाजारात कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तर मी तोच सांगितला असता. आयुष्यभर मी नजरेनं जे केलं ते या यंत्रानं पापणी लवायच्या आत केलं होतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं नाही.

काही ठिपके रेषेपासून लांब होते. भाईनं एकावर बाण ठेवला.

"ही कावून वर?"

"तो बोकड हाय. बकरीदच्या आधी विकला."

"आन ही खाली?"

"लंगडी व्हती."

"ही?"

"गाभण. दोन जीवांचा भाव आला."

"मग यातली खोटी कंची?"

"खोटी कंचीच न्हाई."

"हेच हाय अण्णा," भाई म्हणाला. "रेषेपासून लांब मंजे खोटं न्हाई. मंजे तुमी कागदावर लिहिलं न्हाई असं कायतरी त्या शेळीत हाय."

हे वाक्य त्या अधिकाऱ्यांना कोणी शिकवलं नव्हतं, की शिकवलं होतं आणि ते सोयीनं विसरले, हे मला आजही माहीत नाही.

रेषा कुठं पडायची हे कसं ठरतं, तेही त्यानं सांगितलं. गावात पंचांची पंचाईत बसते तसं हे आहे, म्हणाला. प्रत्येक ठिपका रेषेला आपल्याकडं ओढतो. जवळचा हळू ओढतो. लांबचा फार जोरात ओढतो. दुप्पट लांब असला तर चौपट रुसतो. सगळ्यांचा मिळून रुसवा कमीत कमी होईल तिथं रेषा पडते. मला हे पटलं. गावातही असंच चालतं. त्यानं आणखी एक दाखवलं, आर स्क्वेअर नावाचा आकडा. तो एकाच्या जवळ असला तर ठिपके रेषेला चिकटून आहेत. शून्याकडं सरकला तर रेषा नुसती काढायची म्हणून काढली.

मग मी संघाचा कागद काढला. सभेत सगळ्यांना वाटला होता तो: मागं सगळ्या गावांचा तक्ता, पुढं ते चित्र आणि त्यावर छापलेलं सूत्र. आम्ही तक्ता जसाच्या तसा भरला. भाई वाचायचा, मी एका बोटानं टंकायचो. एकाच मंडळातल्या सगळ्या गावांना एकच पाऊस धरला होता, कारण पर्जन्यमापक मंडळाला एकच. त्यामुळे ठिपके उभ्या रांगा करून उभे राहिले. पाऊस एकच आणि दूध मात्र प्रत्येकाचं थोडं वरखाली. शिवाय पाऊस अजिबात पडला नाही तरी दूध किती, ते त्या रेषेनं सांगून टाकलं होतं, आणि पाऊस पुष्कळ पडला तर तालुका दुधात बुडेल असंही तिचं म्हणणं होतं.

"आता सूत्र जुळवू," भाई म्हणाला.

जुळलं नाही. आमची रेषा संघाच्या रेषेपेक्षा किती तरी आडवी आली. आर स्क्वेअर त्यांच्या कागदावर एकाच्या जवळ होता, आमच्याकडं तो पार खाली घसरला. भाईनं पुन्हा सगळे आकडे ताडून बघितले. चूक नव्हती. मग त्यानं आमच्या गावाची ओळ निवडली आणि पुसून टाकली.

सूत्र जुळलं. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं.

खाली कोणीतरी मोटार चालू करून बघत होतं, तिची घरघर फरशीतून पायाला लागत होती. मला समजायला जरा वेळ लागला. आमचं मंडळ सगळ्यात कमी पावसाचं. आमचा ठिपका डाव्या कडेच्या रांगेत, बाकीच्यांपेक्षा फार उंच, एकटा. पंचाईतीत तोच सगळ्यात जोरात ओढणार होता. म्हणून त्यांनी आधी त्याला पंचाईतीतून बाहेर काढलं, बाकीच्यांची रेषा ठरवली, आणि मग त्याच रेषेनं त्याचा निवाडा केला. आम्हाला धरलं असतं तरी आम्ही रेषेच्या वरच असतो, हे मी नाकारत नाही. पण मग त्या रेषेनं काही सिद्ध होतं असं म्हणता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी संघात गेलो. अधिकाऱ्यांनी नाकारलं नाही.

"हो, वगळला. संशयित पॉइंट रेषा काढताना धरत नाहीत."

"संशयित कशावरून?"

"रेषेपासून लांब आहे ना."

"कंच्या रेषेपासून?"

ते कागद चाळायला लागले. म्हणाले, हा तांत्रिक विषय आहे, आणि तुमच्याकडं दुसरा काही आधार असेल तर तुम्ही सर्वसाधारण सभेत मांडू शकता.

आधार मी उभा केला. भाईनंच सुचवलं: पाऊस सोडा, गावाच्या एकूण दुधासमोर त्या दुधामागची जनावरं किती, ते धरा. बिल्ल्यांवरची नव्हे, दावणीवरची. आमच्या गावची मी वहिनींना विचारली. त्यांना कोणत्या घरी कुणाच्या म्हशी आहेत ते तोंडपाठ होतं, पण सांगताना त्या म्हणाल्या, "हे मला कुनी आधी इचारलं असतं तर." बाकी गावच्या सचिवांना फोन केले. कोणी टाळलं, कोणी उलट विचारलं, की यात तुमचा काय फायदा. एकाला मी वैरणीचा पत्ता दिला, एकाच्या मेव्हण्याची म्हैस विकून द्यायचं कबूल केलं, एकाला नुसतं धमकावलं. सौदा म्हणून हा माझा आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा होता. आकडे भरले, रेषा काढली, आणि सगळी गावं तिला अशी चिकटली जशी वासरं कासेला. आमचं गावही. वर नाही, खाली नाही, रेषेवर.

सर्वसाधारण सभेत मी रंगीत कागद वाटले. उभा राहून बोललो. आवाज चढला, पण एकही शिवी दिली नाही. संघाचे चेअरमन, जे या तालुक्यात दोन पिढ्यांचे पुढारी, ते शांतपणे ऐकत होते. माझं झाल्यावर ते स्वतः टाळ्या वाजवायला लागले, मग सगळ्यांनी वाजवल्या.

"अण्णांनी संघाला नवी रेषा दिली," ते माइकवर म्हणाले. "शेतकऱ्याच्या पोरानं कॉम्प्युटर शिकून आपल्याला रस्ता दाखवला. यापुढं आपण हीच रेषा वापरू."

शाल आली, नारळ आला. फोटो निघाला. मी व्यासपीठावरच त्यांच्या कानात विचारलं, "आन वहिनीचं पत्र?"

"बघू ना अण्णा. आता तुमचीच रेषा हाय."

शाल घेऊन घरी येताना वहिनींच्या दारावरून गेलो. वहिनींनी दारातूनच विचारलं, "पत्र आनलं?" मी शाल दाखवली. त्या म्हणाल्या, "बरं झालं, थंडी हाय," आणि वळून गेल्या.

पत्र आलं नाही. मी फेऱ्या मारल्या. विषय संचालक मंडळापुढं आहे, असं सांगायचे. मग पाऊस आला. बरा आला. ऊसतोडीहून परतलेली माणसं आपापल्या गावी टिकली आणि पाव्हण्या म्हशी एकेक करून घरी गेल्या. कुंकू लावून आलेल्या, कुंकू लावूनच पाठवल्या. गावातले गोठे मोकळे झाले. आमचं दूध घटलं आणि जिथून म्हशी आल्या होत्या त्या गावांचं वाढलं. यात कोणालाही नवल वाटायचं कारण नव्हतं.

संघाला वाटलं. नव्या रेषेत त्यांनी जनावरांची संख्या धरली होती ती माझ्याच तक्त्यातली, दुष्काळातली. पुन्हा मोजायला त्यांच्याकडं माणूस नव्हता, आणि मोजावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. एवढ्या म्हशी असताना एवढंच दूध कसं? आमचा ठिपका या खेपेला रेषेच्या फार खाली गेला. नोटीस आली: आपल्या गावातील दूध परस्पर खासगी डेअरीला जात असल्याचे दिसते, खुलासा करावा. आणि ज्या गावांत म्हशी परतल्या होत्या, जी आता रेषेच्या वर गेली होती, त्यांच्या चेअरमन लोकांचा संघाने सत्कार केला. उत्कृष्ट दूध उत्पादक गाव. तो मागं बसून कुजबुजणारा चेअरमन पहिल्या रांगेत होता. त्याच्या गळ्यातल्या हारातली झेंडूची फुलं मला दिसत होती.

मी संघाच्या चेअरमनच्या घरी गेलो. ते अंगणात झोपाळ्यावर बसले होते.

"वर असलं की भेसळ, म्हनलात," मी म्हणालो. "आता वर असलं की सत्कार?"

"तवा दुष्काळ व्हता अण्णा."

"मंजे दुष्काळात रेषेच्या वर गेलो तर चोर, आन पाऊस पडल्यावर खाली आलो तरी चोर."

"चोर कोन म्हनतंय? खुलासा करा म्हनलंय फकस्त."

"आन वहिनीचा खुलासा? तिला तर इचारलं बी न्हाई."

ते झोपाळा पायानं थांबवून म्हणाले, "हे बघा, ते सगळं साहेबांनी केलं. मला कॉम्प्युटर उघडता बी येत न्हाई."

साहेब तोवर दुसरीकडं मोठ्या नोकरीवर गेले होते. मी नंबर मिळवून फोन लावला. ते अजूनही गोडच बोलले. म्हणाले, कोणतं गाव वगळायचं हे वरून सांगितलं होतं, मी फक्त सॉफ्टवेअर चालवलं. वरून म्हणजे कोणी, असं विचारलं तर म्हणाले, अण्णा, आता त्याला किती दिवस झाले, सोडून द्या. संघाच्या ऑफिसात विचारलं तर बाबू म्हणाला, ते कॉम्प्युटरने काढलं होतं.

वहिनी हल्ली केंद्राच्या रस्त्यानं जात नाहीत, मागच्या बोळातून जातात. म्हैस त्यांनी विकली. मीच विकून दिली आणि भाव चांगला आणला, पण त्यांनी भाव विचारला नाही. नव्या सचिवानं एकदा मशीन बिघडलं म्हणून त्यांना बोलावलं तेव्हा त्या गेल्या, मशीन चालू करून दिलं, आणि तिथं उभ्या असलेल्या कोणाशीही न बोलता घरी आल्या. लोक म्हणतात, अण्णा, आता कशाला ते सगळं उकरता. मी म्हणतो, पुरलंय कोणी?

भेसळीचं ते पत्र माझ्यापुढं आहे. खाली सही आहे, पण कोणाची ते वाचता येत नाही. सहीच्या खाली छापलंय: व्यवस्थापकीय संचालक यांचे करिता. कॉम्प्युटरला हात नसतात. रेषेला सही करता येत नाही. कोणीतरी जिवंत माणसानं आमच्या गावाची ओळ पुसली, कोणीतरी 'निष्पन्न' हा शब्द लिहिला आणि कोणीतरी दुसऱ्या कुणाकरिता सही ठोकली. संघाने त्या माणसांची नावं सांगावीत. आणि त्यांनी आमच्या गावात, भर दिवसा, केंद्रासमोर दूध घालायला लोक उभे असतात तेव्हा येऊन वहिनींना सांगावं, की त्यांच्या दुधात काय सापडलं होतं.